आजीचा फोटो आणि भरलेली डिस्क

गेल्या दिवाळीत आई इकडे आली तेव्हा आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो घेऊन आली. मधोमध घडी पडून आजीचा अर्धा चेहरा पुसलेला. तो स्कॅन केला, दोन रात्री बसून बराचसा नीट केला, आणि ऐनवेळी स्क्रीनवर सूचना झळकली : स्क्रॅच डिस्क भरली! चूक माझीच. डिस्कवर लेकीच्या वाढदिवसांचे व्हिडिओ खच्चून भरले होते. शेवटच्या तासाभराचं काम गेलं. आई म्हणाली, "एवढासा फोटो, त्याला जागा लागते तरी किती रे?" प्रश्न रास्त होता.

ए-फोर आकाराचं चित्र ३०० डीपीआयने स्कॅन केलं की सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत असेल तर प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे साधारण २६ एमबी. जेपीईजी फाइल दोन-तीन एमबीची दिसते, कारण ती दाबून बसवलेली असते; उघडली की पूर्ण पसरते. शिवाय प्रत्येक लेअर आणि 'अनडू'साठी जपलेली जुनी अवस्था वेगळी जागा मागते.

ही अडचण पहिल्यापासूनची. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोलने १९८७ मध्ये मॅकिंटॉश प्लसवर चित्रं दाखवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. भाऊ जॉन चित्रपटांच्या स्पेशल इफेक्ट्समध्ये काम करणारा. दोघांच्या खटपटीतून फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आलं. त्याला २ एमबी मेमरी पुरायची, पण चित्रं त्याहून मोठी! मॅकच्या सिस्टिममध्ये व्हर्च्युअल मेमरी आली ती १९९१ मध्ये, सिस्टिम ७ बरोबर. मग फोटोशॉपने स्वतःचीच सोय केली : चित्राचा लागेल तेवढाच भाग मेमरीत, उरलेला डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलमध्ये. आपण नाही का, ओट्यावर लागेल तेवढंच ठेवून बाकीचे डबे फडताळात सारत! हीच ती स्क्रॅच डिस्क. २०१३ मध्ये कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने या पहिल्या आवृत्तीचा सोर्स कोड खुला केला. सुमारे १,२८,००० ओळी, बहुतेक पास्कलमध्ये.

१९९४ मध्ये लेअर्स आले, १९९८ मध्ये हिस्टरी पॅलेट, आणि भूक वाढतच गेली. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या गिंपने १९९८ च्या १.० आवृत्तीत चित्राचे ६४ बाय ६४ ठिपक्यांचे तुकडे केले. प्रत काढली तरी तुकडे सामायिकच राहतात. जो बदलला तेवढाच नवा लिहायचा. पुढे ३२-बिटची ४ जीबीची मर्यादा आडवी आली. फोटोशॉपने ती विंडोजवर २००८ मध्ये आणि मॅकवर २०१० मध्ये ओलांडली.

मेमरी हजारो पटींनी वाढली, तरी डिस्कवरची ती फाइल अजून आहे. म्हणून मंडळी, जुने फोटो दुरुस्त करायला बसाल तर आधी डिस्क मोकळी करा, मूळ स्कॅन वेगळा ठेवा आणि दर थोड्या वेळाने सेव्ह करा.

आजीचा चेहरा मी पुन्हा पहिल्यापासून जुळवला. आईने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "नथ मात्र डावीकडे होती हं."