पोपटाच्या पिंजऱ्याला दिवा आणि ऊब : काय निवडावे, काय टाळावे

डिसेंबर उजाडला, नाशिक-पुण्याचा पारा दहा अंशांच्या आसपास घुटमळू लागला, की घरातल्या पाखराला थंडी तर वाजत नसेल ना, अशी काळजी पक्षी पाळणाऱ्यांना वाटू लागते. मग पिंजऱ्यावर साठ वॅटचा पिवळा बल्ब टांगला जातो, तो रात्रभर जळतो आणि उजेड व ऊब दोन्हींची सोय झाली, असे समाधान मानले जाते. वस्तुतः या पक्ष्याच्या दोन स्वतंत्र गरजा आहेत. रात्रभर जळणारा बल्ब ऊब देतो, पण झोप हिरावून घेतो. तोच बल्ब दिवसा लावला तर उजेड मिळतो, पण त्या उजेडात पक्ष्याला हवे असलेले किरण नसतात. आणि बल्ब किंवा हीटर चुकीचा निवडला गेला, तर पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो.

येथे विचार केला आहे तो बजरीगर, कॉकॅटिएल, लव्हबर्ड, कॉन्युर, मकाव, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी जातींचा. गळ्याभोवती कंठ असलेला आपला हिरवा राघू किंवा पहाडी पोपट यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे आणि त्यांना पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. मकाव, आफ्रिकन ग्रे यांसारख्या, 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील परदेशी पक्ष्यांची नोंदणीही २०२४च्या नियमांनुसार 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते.

उन्हाला पर्याय किती?

पोपटाची दृष्टी माणसाहून व्यापक आहे. माणसाला न दिसणाऱ्या अतिनील किरणांपैकी लांब लहरींचे 'यूव्ही-ए' किरण त्याला दिसतात. त्याहून आखूड लहरींचे 'यूव्ही-बी' किरण त्वचेवर पडले की शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या आधाराने अन्नातील कॅल्शियम शोषले जाते. हे जीवनसत्त्व कमी पडले की हाडे ठिसूळ होतात, अंड्यांची कवचे पातळ निघतात. आफ्रिकन ग्रे पक्ष्यांत तर रक्तातील कॅल्शियम घटून आकडी येण्याचा विकार पशुवैद्यकांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. ब्रिटनमधील पशुवैद्य मायकेल स्टॅनफर्ड यांचा या विषयावरील अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. यूव्ही-बी प्रकाश मिळाल्यावर ग्रे पक्ष्यांच्या रक्तातील कॅल्शियमची पातळी सुधारल्याचे त्यात दिसून आले. दक्षिण अमेरिकी पायोनस पोपटांत मात्र तसा ठळक फरक आढळला नाही. त्यामुळे एका जातीचा नियम दुसरीला सरसकट लावता येत नाही.

खिडकीत पिंजरा ठेवला म्हणजे ऊन मिळाले, असा समज सर्रास आढळतो. साधी काच यूव्ही-बी किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. काचेआडून येतात ते उजेड आणि उष्णता. घरातली ट्यूबलाइट किंवा एलईडी दिवा यांतूनही उपयोगाचे यूव्ही-बी मिळत नाहीत. खोक्यावरच्या 'फुल स्पेक्ट्रम' या शब्दांनीही भुलू नये. त्यांवरून प्रकाश दिवसासारखा दिसेल इतकेच समजते; यूव्ही-बीचे प्रमाण वेगळे छापलेले नसेल तर ते नाहीच असे धरून चालावे.

सुदैवाने महाराष्ट्रात उन्हाची वानवा नाही. जाळी लावलेल्या गॅलरीत वीस-तीस मिनिटांचे थेट ऊन आठवड्यातून तीन-चार वेळा मिळाले, तर बहुतेक घरांना महागड्या दिव्याची गरज उरत नाही. आपल्याकडे कोवळ्या उन्हाचे कौतुक फार. पण सूर्य क्षितिजालगत असताना यूव्ही-बी किरण नगण्य असतात. हिवाळ्यात नऊ-दहाच्या सुमाराचे आणि उन्हाळ्यात त्याआधीचे ऊन बरे. मात्र पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत हवा आणि माणूस जवळ हवा. कावळे, घारी आणि मांजरे यांना पाळीव पक्षी म्हणजे आयते भक्ष्य.

ज्या सदनिकेत थेट ऊन येतच नाही, तेथे पक्ष्यांसाठी बनविलेला यूव्ही-बी दिवा घ्यावा. सरड्या-कासवांसाठीचे दिवे अनेकदा अधिक तीव्र असतात आणि त्यांनी डोळ्यांच्या पारदर्शक पटलाला इजा होऊ शकते. दिवा नेहमी वरून लावावा, बाजूने नव्हे. निसर्गात ऊन वरूनच येते आणि भुवईचा उंचवटा डोळ्यावर सावली धरतो. बाजूच्या दिव्यापासून ते संरक्षण मिळत नाही. उत्पादकाने सांगितलेले अंतर काटेकोरपणे पाळावे. दिवा डोळ्यांना तितकाच प्रखर दिसत असला तरी त्यातील यूव्ही-बी हळूहळू ओसरतात, म्हणून वर्षभराने तो बदलणे इष्ट. जुन्या पद्धतीच्या चोकवर चालणारी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्याला ते जाणवत नाही, पण पक्ष्यांची नजर अशी लुकलुक टिपण्यात आपल्याहून तरबेज असते. इलेक्ट्रॉनिक चोक घेतल्यास हा प्रश्न मिटतो.

दिवस दहा ते बारा तासांचा आणि त्यानंतर अंधार, हे वेळापत्रक टायमर लावून पाळता येते. रात्री उशिरापर्यंत दिवाणखान्यात दूरचित्रवाणी चालू राहिली, तर मोठा दिवस म्हणजे विणीचा हंगाम, असा संकेत पक्ष्याच्या शरीराला मिळतो. कॉकॅटिएलच्या मादीने एकामागून एक अंडी घालत राहणे आणि त्यात खंगणे, हा त्याचाच एक परिणाम. कॉकॅटिएल अंधारात दचकून पिंजऱ्यावर आदळतात, म्हणून त्यांच्या खोलीत झिरोचा बल्ब दूरवर चालेल.

ऊब कुणाला हवी?

मुंबईत निरोगी, पिसे धडधाकट असलेल्या प्रौढ पक्ष्याला हीटरची गरज जवळपास पडत नाही. बजरीगर आणि कॉकॅटिएल हे ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील पक्षी. तेथील थंड रात्री त्यांना ठाऊक असतात. निफाडसारख्या ठिकाणची कडक थंडी, पिल्ले, म्हातारे, आजारी किंवा पिसे उपटलेले पक्षी यांची गोष्ट निराळी. आजारी पक्ष्याला सामान्यतः २९ ते ३२ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले जाते. पिसे फुलवून गोळा होऊन बसलेला पक्षी गारठलेला किंवा आजारी असतो. पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी ठेवून धापा टाकणारा पक्षी तापलेला असतो. त्याला घाम येत नाही. म्हणून ऊब पिंजऱ्याच्या एकाच बाजूला द्यावी, म्हणजे नको वाटल्यास त्याला सरकता येते. तापमापक भिंतीवर नव्हे, पक्षी बसतो त्या दांडीच्या उंचीवर असावा.

रात्रीच्या उबेसाठी लाल बल्बपेक्षा प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर योग्य, कारण लाल रंग पक्ष्यांना दिसतो. तो चिनीमातीच्या होल्डरमध्ये, थर्मोस्टॅटसह, जाळीच्या आवरणात आणि पिंजऱ्याबाहेरच लावावा. त्याचा पृष्ठभाग इतका तापतो की स्पर्श होताच पाय भाजतात. पिंजऱ्यावर चादर टाकून खाली बल्ब ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. वायर पक्ष्याच्या चोचीच्या टप्प्यात नसावी, कारण कुरतडणे हा त्याचा स्वभावच. घरात तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवलेला असल्यास उत्तम.

न दिसणारा धूर

पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्यांची जोड असते. त्यांतून हवा सतत एकाच दिशेने वाहते, त्यामुळे प्राणवायू फार कार्यक्षमतेने शोषला जातो, आणि विषारी वायूही. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत १९८६पर्यंत कॅनरी पक्षी ठेवले जात, ते याचमुळे. नॉनस्टिक तव्यावरचा पीटीएफई हा लेप साधारण २६० ते २८० अंशांच्या पुढे तापला की त्यातून निघणारे वायू माणसाला फारसे जाणवत नाहीत, पण पक्ष्याला मारक ठरतात. हाच लेप काही 'न फुटणाऱ्या' बल्बांवर आणि काही हीटरच्या भागांवरही असतो. अशा बल्बांमुळे ब्रॉयलर कोंबड्या दगावल्याचे प्रकरण २००० साली 'एव्हियन डिसीजेस' या नियतकालिकात नोंदले गेले आहे. तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, लेपाचा विचारावा. उत्तर खात्रीशीर नसेल तर ती वस्तू घेऊ नये. लेप नसलेला नवा हीटरही प्रथम काही तास पक्ष्यापासून दूर, खिडक्या उघड्या ठेवून चालवावा. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कदापि नको. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणसालाही सोडत नाही.

पक्षी एकाएकी धापा टाकू लागला, तोल जाऊन दांडीवरून पडला, तर आधी त्याला त्या खोलीतून मोकळ्या हवेत न्यावे. हीटर बंद करण्यासाठी परत जाणे त्यानंतर. मग हवा खेळेल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात जाड टॉवेल अंथरून त्याला ठेवावे. अंग गार लागत असेल तरच टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी खोक्याच्या एका बाजूला ठेवावी आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे तडक न्यावे. निघताना बल्बचे किंवा हीटरचे खोके सोबत घ्यावे. त्यावरचा मजकूर डॉक्टरांच्या कामी येतो.