आजीची साक्ष

आमचा जिल्हा धाराशिव. तुळजापूरच्या भवानीला निघालेल्या यात्रेकरूंची हळदीकुंकवाने भरलेली कपाळे पाहातच मी लहानाचा मोठा झालो. एकदा ज्वारी काढताना बोटाला विळा लागला. आजीने चिमूटभर हळद जखमेत दाबली आणि वर जुनेराची चिंधी बांधली. रक्त थांबले. आजीला अक्षरओळख नव्हती. ही विद्या तिला तिच्या आईने दिलेली. ती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणाला पडला नाही.

तो प्रश्न १९९५ साली अमेरिकेने परस्पर सोडवून टाकला! हळदीने जखम भरून आणण्याच्या उपायावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला त्या वर्षीच्या मार्चमध्ये पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला सरकारने ठरावीक मुदतीपुरता दिलेला एकाधिकार. मुख्य अट ही, की शोध नवा हवा. गंमत अशी, की हे संशोधकही मूळचे भारतीयच.

गोव्यातील माशेल गावी जन्मलेले आणि मुंबईत आईच्या कष्टांवर शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर त्या सुमारास वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले होते. परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली.

वाचक म्हणतील, यात पुरावा तो काय द्यावयाचा? कोणत्याही स्वयंपाकघरात जाऊन विचारा! पण गोम नेमकी येथेच होती. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांना ठाऊक असली, की ती जुनी ठरे. परदेशात मात्र ती घरोघर वापरात असली, तरी छापून आलेली किंवा पेटंट घेतलेली नसेल, तर जमेस धरली जात नसे. म्हणजे तिकडच्या आजीची साक्ष ग्राह्य आणि आमच्या आजीची अग्राह्य! परीक्षक अप्रामाणिक होता, असे मी म्हणत नाही. त्याच्या हाती दिलेले मापच खोटे होते.

परिषदेने ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ होते, तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेखही होता. १९९७ मध्ये त्याच कार्यालयाने आपला निर्णय फिरवला. चूक सुधारण्याची वाट त्या व्यवस्थेत होती, हेही मान्य केले पाहिजे. पण त्या वाटेने जाण्यास एक सरकारी परिषद लागली. एकट्या आजीच्या आवाक्यातले ते काम नव्हे.

पुढे २००१ साली आपल्याकडे पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्यास आरंभ झाला. जुन्या ग्रंथांतील औषधयोग पाच परकीय भाषांत परीक्षकांपुढे ठेवण्याची ही योजना. अमेरिकेनेही २०११ च्या कायद्याने देशी-परदेशी हा भेद काढला. तो बदल २०१३ पासून अमलात आला.

हा इतिहास वर्गात सांगितला, तेव्हा एका मुलीने विचारले, “गुरुजी, आणि जे कुणी लिहूनच ठेवलं नाही, त्याचं काय?”

मी निरुत्तर झालो. हळद वाचली, ती कोणी तरी लिहून ठेवले म्हणून. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एकच गृहपाठ दिला आहे: घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसा, विचारा, लिहा आणि खाली तारीख घाला. माझ्या आजीला मी काहीच विचारले नाही. आता विचारावयास ती नाही.