परसातली दुसरी चूल

मुलगा वेगळा राहू लागला म्हणजे त्याने वेगळी चूल मांडली, असे आपण म्हणतो. परसात एक खोली उठते, तिच्या कोपऱ्यात चूल पेटते आणि एका घराची दोन घरे होतात. या दुसऱ्या चुलीवरून अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात शंभर वर्षे वाद चालला, असे सांगितले तर नवल वाटेल ना? पण ती हकिकत आपणही ऐकावी अशी आहे. कारण आपली कितीतरी मुले-मुली आज तिकडे आहेत आणि घरे घेत आहेत.

१९१६ साली तिथल्या बर्कली शहराने नियम केला, की अमुक वस्तीत एका जागेवर एकाच कुटुंबाचे घर असावे. वस्ती शांत राहावी, जमिनीचे मोल टिकावे, असे कारण सांगत. पण कृष्णवर्णी आणि आशियाई कुटुंबांना दूर ठेवावे, हाही हेतू त्यात होता. २०२१ साली त्या शहराच्या सभेनेच तसे मान्य केले. १९२६ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांना मान्यता दिली, आणि ते गावोगाव पसरले.

मग दुसरे महायुद्ध आले. जहाजांच्या कारखान्यांत हजारो कामगार आले. त्यांना राहायला जागा कुठली? लोकांनी तळघरांत, मोटारखान्यांत बिऱ्हाडे बसवली. युद्ध संपले, पण चुली काही विझल्या नाहीत. कागदावर एक घर आणि प्रत्यक्षात दोन, असा प्रकार पुढेही चालूच राहिला.

१९८२ साली राज्याने कायदा करून अशा जोडघरांना वाट दिली. लोक त्यांना ‘आजीची खोली’ म्हणतात. पण शहरांनी अटींचे काटे घातले. मोठी जागा हवी, मोटारीला वेगळी जागा हवी, शिवाय शेजाऱ्यांसमोर सुनावणी! २००२ च्या कायद्याने सुनावणी गेली. २०१६ च्या कायद्याने मोटारीची अट सैल झाली. १ जानेवारी २०२० पासून तर ६० दिवसांत निर्णय देणे शहराला भाग पडले. ८०० चौरस फुटांपर्यंतची खोली बाजूने आणि मागून ४ फूट जागा सोडून नियमाप्रमाणे बांधत असेल, तर शहराला नाही म्हणता येत नाही.

आता यातून घर घेणाऱ्याने काय समजावे? प्रत्येक खोली आपापल्या सालच्या नियमाची लेक असते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: ही खोली कोणत्या साली बांधली? दुसरा प्रश्न: बांधकामाचा परवाना आहे का, आणि अखेरच्या तपासणीची नोंद आहे का? विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता नगरपालिकेच्या दप्तरात स्वतः पाहावे. परवाना नसेल तर दुरुस्तीचा किंवा चूल काढण्याचा हुकूम नव्या मालकावर येतो. जुना मालक तोवर पैसे घेऊन गेलेला असतो. २०२० पूर्वीच्या विनापरवाना खोल्या कायदेशीर करून घेणे २०२४ च्या कायद्याने सोपे झाले आहे, पण खोली राहण्यास सुरक्षित असावी लागते, आणि त्या दुरुस्तीचा खर्च घेणाराच करतो.

तिसरी गोष्ट: खोली वेगळी विकता येईल, असे गृहीत धरू नये. २०२३ च्या कायद्याने ती मुभा ठेवली, पण ती द्यायची की नाही, हे त्या त्या शहराच्या हाती आहे. म्हणून शेजारच्या शहराचा दाखला इथे चालत नाही.

उद्या मुलाचा फोन येईल, “आई, घर पाहिलंय. मागे तुम्हा दोघांसाठी वेगळी खोलीसुद्धा आहे!” आनंद वाटेलच. पण मंडळी, त्या आनंदातच त्याला हळूच विचारा, “बाळा, खोली चांगली आहे रे, पण तिचा कागद पाहिलास का?”