आहाराचा ग्लायसेमिक निर्देशांक : व्याख्या, हेतू आणि विनियोग

ज्यात ५० ग्रॅम पचनयोग्य कर्बोदके आहेत एवढा पदार्थ उपाशीपोटी खाल्ल्यावर पुढील दोन तासांत रक्तशर्करेत होणारी वाढ मोजावी. ५० ग्रॅम शुद्ध ग्लुकोजने होणारी वाढ १०० मानावी. या दोहोंचे प्रमाण म्हणजे त्या पदार्थाचा ग्लायसेमिक निर्देशांक होय. तो ५५ पर्यंत असल्यास अल्प, ५६ ते ६९ असल्यास मध्यम आणि ७० वा अधिक असल्यास उच्च समजतात.

ही संकल्पना टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडली. तत्पूर्वी साखर शीघ्र पचते व स्टार्च सावकाश, असे रासायनिक रचनेवरून गृहीत धरले जाई. मापनापुढे ते गृहीतक टिकले नाही. साखरेचा निर्देशांक सुमारे ६५, तर उकडलेल्या बटाट्याचा सुमारे ७८ आढळतो.

मापन सिद्ध अन्नाचे होते, धान्याचे नव्हे. म्हणून एकाच धान्याचे निर्देशांक अनेक संभवतात. हे भेद ज्या हेतूंनी घडतात त्यांच्या वर्गीकरणास चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठ आहारविधिविशेषायतनांपैकी, म्हणजे आहाराचा परिणाम ठरवणाऱ्या घटकांपैकी, पहिली चार उपयोगी पडतात. चरकांना हा निर्देशांक ठाऊक नव्हता. येथे त्यांची केवळ विभागणी स्वीकारली आहे.

१. प्रकृती, म्हणजे द्रव्याचा स्वभाव. स्टार्चचे घटक दोन : अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोजची सरळ साखळी घट्ट बसते व पाचकरसास सहज वाव देत नाही. शाखायुक्त अमायलोपेक्टिन त्वरेने विघटित होते. म्हणून अधिक अमायलोज असलेल्या, मोकळा भात होणाऱ्या तांदळाचा निर्देशांक चिकट तांदळाहून सामान्यतः कमी असतो.

२. करण, म्हणजे द्रव्यावरील संस्कार. याचे प्रकार तीन.
(अ) दळणे : उसळीतील अखंड हरभऱ्यात स्टार्च पेशीभित्तीच्या आत बंद राहते, त्याचा निर्देशांक ३० च्या आसपास असतो. दळल्याने पेशीभित्ती फुटतात आणि तेच स्टार्च पाचकरसास मोकळे होते.
(आ) शिजवणे : पाणी व उष्णता यांनी स्टार्चचे कण फुगतात. अन्न जितके गळेपर्यंत शिजवावे, तितके पचन शीघ्र होते.
(इ) निववणे : भात थंड होताना स्टार्चच्या साखळ्या पुन्हा जुळतात व काही अंश पचनास प्रतिरोधी होतो.

३. संयोग, म्हणजे द्रव्यांचे एकत्र सेवन. स्निग्धांश, प्रथिने आणि आम्ल यांमुळे जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतो. द्वितीय हेतूतील निववणे आणि या हेतूतील आम्ल, दोन्ही दहीभातात एकत्र येतात. वरणभातावर लिंबू पिळण्याच्या प्रघातातही आम्लाचा संयोग घडतो.

४. राशी, म्हणजे मात्रा. निर्देशांकात मात्रा ठरावीक धरलेली असते. ताटात ती तशी नसते. म्हणून ग्लायसेमिक भार हे दुसरे परिमाण आवश्यक ठरते : निर्देशांकास वाढणीतील कर्बोदकांच्या ग्रॅमसंख्येने गुणून १०० ने भागावे. हा भार १० पर्यंत अल्प, २० पासून उच्च. जुन्या कोष्टकांत कलिंगडाचा निर्देशांक ७२ दिला आहे. परंतु १२० ग्रॅम फोडींत कर्बोदके सुमारे ६ ग्रॅमच असल्याने भार ४ च्या जवळ येतो. उलट १५० ग्रॅम भातात कर्बोदके सुमारे ४० ग्रॅम. निर्देशांक ७३ धरल्यास भार २९ होतो. निर्देशांक जवळपास समान असूनही भार जवळजवळ सातपट भरतो.

येथे एका अतिव्याप्तीचा निरास केला पाहिजे. अल्प निर्देशांक म्हणजे आरोग्यकारकता नव्हे. फ्रुक्टोजचा निर्देशांक २० च्या आत आहे, म्हणून ते मनसोक्त खाण्यास योग्य ठरत नाही. तळल्याने निर्देशांक उतरू शकतो, पण ऊष्मांक वाढतात. निर्देशांक तुलनेसाठी वापरावा तो समान प्रयोजनाच्या पदार्थांत : भाताची तुलना भाकरीशी करावी, भजीशी नव्हे.

यावरून विनियोगाचा क्रम निश्चित होतो. प्रथम मात्रा ठरवावी. नंतर कडधान्ये व भरड धान्ये यांस ताटात अधिक स्थान द्यावे. त्यानंतर शक्य तेथे धान्य अखंड ठेवावे. शेवटी डाळ, भाजी, दही यांचा संयोग साधावा. मधुमेहावर औषध घेणाऱ्याने हे बदल वैद्यकीय सल्ल्याने करावेत, कारण आहार बदलल्यास औषधाची मात्राही बदलावी लागू शकते. एकच पदार्थ दोन व्यक्तींत भिन्न परिणाम करतो. चरकांनी आठवे आयतन म्हणून उपयोक्ता, म्हणजे खाणारा, सांगितला आहे. कोष्टकातील अंक अनेकांची सरासरी असतो. स्वतःच्या रक्तशर्करेचे मापन हेच त्या व्यक्तीपुरते अंतिम प्रमाण होय.