कोळसा, दगडफूल आणि काळा पतंग

१/ शालेय विज्ञानात प्रकाशसंश्लेषण एका पाठात शिकविले जाते आणि नैसर्गिक निवड दुसऱ्या. परीक्षेपुरते ते वेगळे राहिले तरी बिघडत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात मात्र झाडांच्या खोडांवर हे दोन्ही पाठ एकत्र आले. आजचा धागा त्या खोडांचा आणि त्यांवर विसावणाऱ्या एका पतंगाचा.

२/ हिरवी वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साह्याने कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून शर्करा तयार करते आणि ऑक्सिजन बाहेर टाकते. सूर्याची ऊर्जा अशी तिच्या देहात साठते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी दलदलीतील अरण्ये गाडली गेली व त्यांचा दगडी कोळसा झाला. कोळसा जाळणे म्हणजे त्या प्राचीन उन्हाची ठेव मोडणे.

३/ मँचेस्टरच्या कापडगिरण्यांनी ही ठेव झपाट्याने मोडली. धुरांड्यांतून काजळी निघे आणि तिच्यासोबत सल्फर डायऑक्साइड हा वायूही. काजळीने परिसरातील खोडे काळवंडली. वायूचा परिणाम निराळा होता.

४/ आपल्या गोडा मसाल्यात पडणारे दगडफूल सर्वांना ठाऊक आहे. ते शैवाक होय. म्हणजे कवक आणि शैवाल यांचा एकत्र संसार. कवक आसरा व ओलावा देते, शैवाल प्रकाशसंश्लेषणाने अन्न पुरविते. सल्फर डायऑक्साइड शैवालातील हरितद्रव्याचा नाश करतो. अन्न थांबले की संसार मोडतो. इंग्लंडातील खोडांवरची फिकट शैवाके अशीच नाहीशी झाली.

५/ त्या खोडांवर व फांद्यांवर दिवसा निश्चल बसून राहणारा एक निशाचर पतंग आहे : बिस्टन बेट्युलेरिया. पांढुरक्या पंखांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके असल्याने शैवाकावर तो पक्ष्यांना सहसा दिसत नसे. १८४८ साली मँचेस्टरमध्ये याच जातीचा काळा पतंग सापडल्याची नोंद आहे. १८९५ पर्यंत तेथील सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले होते.

६/ ‘पतंगांनी परिस्थितीनुसार रंग बदलला’ हे उत्तर येथे हमखास लिहिले जाते. ते चुकीचे आहे. काळा रंग जनुकातील उत्परिवर्तनाने आला; २०१६ मधील संशोधनाच्या अंदाजानुसार १८१९ च्या सुमारास. ते उत्परिवर्तन गरज ओळखून झाले नव्हते, योगायोगाने झाले होते. स्वच्छ वनात काळा पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरे. काळवंडलेल्या खोडावर पांढरा भरू लागला. जो वाचला त्याची संतती वाढली. पिढ्यांमागून पिढ्या बदलत गेले ते काळ्या-पांढऱ्यांचे प्रमाण. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात.

७/ पक्ष्यांचे हे स्पष्टीकरण जे. डब्ल्यू. टट यांनी १८९६ मध्ये मांडले. १९२४ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी गणित केले : इतक्या वेगाने बदल घडण्यासाठी काळ्यांची संतती पांढऱ्यांच्या सुमारे दीडपट असावी लागेल. हेच हॉल्डेन पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.

८/ प्रत्यक्ष कसोटी बर्नार्ड केटलवेल यांनी घेतली. १९५३ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या वनात खुणा केलेले पतंग सोडले. काळ्यांपैकी २७.५ टक्के पुन्हा हाती आले, पांढऱ्यांपैकी १३ टक्के. १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ वनात उलट घडले : पांढरे १२.५ टक्के, काळे ६ टक्के.

९/ पुढे आक्षेप निघाले. थोड्या जागेत फार पतंग सोडले. ते उघड्या खोडांवर ठेवले, एरवी ते बहुधा उंच फांद्यांवर विसावतात. हे आक्षेप रास्त होते. परंतु उत्क्रांतीच्या विरोधकांनी त्यांवरून सारा प्रयोगच बनावट ठरविला. प्रयोगातील उणिवा स्वतः दाखवून देणारे केंब्रिजचे मायकेल मजेरस यांनी वेगळा मार्ग धरला : प्रयोग पुन्हा करायचा, उणिवा टाळून.

१०/ २००१ ते २००७ या काळात त्यांनी आपल्या बागेत ४,८६४ पतंग सोडले. कमी दाटीने, आणि पतंग नैसर्गिकरीत्या विसावतात अशाच जागी. पहाटे दुर्बिणीतून पाहताना पक्षी पतंग टिपताना त्यांना प्रत्यक्ष दिसले. हवा आता स्वच्छ होती, त्यामुळे काळे अधिक खाल्ले गेले. जानेवारी २००९ मध्ये मजेरस यांचे निधन झाले. त्यांच्या नोंदींवरून चार सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला.

११/ हवा स्वच्छ होण्यामागे १९५६ चा ब्रिटिश स्वच्छ हवा कायदा होता. धूर ओसरला, शैवाके परतू लागली, पांढरे पतंगही वाढले. मजेरस यांच्या परिसरातील काळ्यांचे प्रमाण त्या काही वर्षांतच सुमारे १२ टक्क्यांवरून १-२ टक्क्यांवर आले.

१२/ म्हणून उत्तरपत्रिकेत ‘पतंगाने रंग बदलला’ असे लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : कोणत्या पतंगाने?

धागा समाप्त.