ऊर

ऊर : मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत नांदणारे, पण दोन निराळ्या कुळांतून आलेले शब्दरूप. मराठीत अर्थ छाती. कन्नडमध्ये (ऊरु) गाव. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्यांच्या तोंडी हे दोन्ही शब्द येतात, आणि त्यांची गल्लत होत नाही.

मराठी ‘ऊर’ संस्कृत ‘उरस्’पासून आला. प्रत्यय लागला की ‘फूल–फुलाला’प्रमाणे त्याचा ऊ ऱ्हस्व होतो : उराशी, उरात, उरावर. शरीराचा भाग सांगायला शहरी मराठी आता ‘छाती’च वापरते, ऊर राहिला तो भावनेच्या आणि श्रमाच्या बोलीत. ऊर भरून येतो, लेकराला उराशी धरतात, दुःख उरी बाळगतात, ऊर फुटेस्तोवर धावतात, वारीत उराउरी भेटतात. ‘उरणे’ (शिल्लक राहणे) हे क्रियापद मात्र या घरातले नाही. ते प्राकृत ‘उव्वर’कडे जाते.

कन्नड ‘ऊरु’ द्राविडी आहे. तमिळ व मल्याळममध्ये ‘ऊर’, तेलुगूत ‘ऊरु’. चोळांच्या शिलालेखांत तर ‘ऊर’ हे ग्रामसभेचेही नाव आहे. ‘निम्म ऊरु यावुदु?’ (तुमचे गाव कोणते?) हा कर्नाटकात अनोळखी माणसाला विचारल्या जाणाऱ्या अगदी पहिल्या प्रश्नांपैकी एक. उत्तर कर्नाटकाच्या बोलीत ‘गावात’ म्हणजे ‘ऊराग’. मराठी ‘उरात’ त्याच्या शेजारी ठेवून पाहावा : रूप किती जवळ, अर्थ किती दूर. कन्नड साहित्यात आणखी एक ‘ऊरु’ आहे, म्हणजे मांडी. तो संस्कृतातून आलेला. भासाच्या ‘ऊरुभंग’ नाटकाच्या नावात तोच आहे.

गावांच्या नावांत हा द्राविडी ऊर फार पसरला आहे. बेळगाव जिल्ह्यातले, राणी चन्नम्माच्या १८२४च्या लढ्याने गाजलेले कित्तूर हे जवळचे उदाहरण. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकाने बारा शहरांची नावे बदलली, त्या दिवशी बेळगावचे ‘बेळगावी’ झाले आणि बंगळुरू, म्हैसुरू, मंगळुरू यांच्या अंती कन्नड उच्चाराचा ‘ऊरु’ कागदोपत्री परत आला.

सर्वांत बोलके उदाहरण लातूरचे. राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूर’ नगरीचे अधिपती म्हणवत. अभ्यासक हे नगर म्हणजे आजचे लातूर मानतात. हेच बिरुद सौंदत्तीच्या रट्ट घराण्यानेही मिरवले. पुढे रट्टांची राजधानी वेणुग्रामात, म्हणजे बेळगावात आली. तिथल्या किल्ल्यातली कमल बस्ती चौथ्या कार्तवीर्याच्या काळात, १२०४ साली, त्याचा मंत्री बिचिराज याने बांधली. म्हणजे आज कर्नाटकात असलेल्या बेळगावचे राजे आज महाराष्ट्रात असलेल्या गावाचा ‘ऊर’ अभिमानाने सांगत होते. नावातला ऊर ते नाव कोणत्या भाषेत पडले एवढेच सांगतो. आज तिथे कोण काय बोलतो याचा पुरावा त्यात शोधू नये. लातूर अस्सल मराठी आहे. महाराष्ट्र–कर्नाटक सीमावादात गावांच्या नावांची सातबाऱ्यासारखी साक्ष काढली जाते, म्हणून हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

उलट चूकही होते. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘प’ गळू शकतो, आणि संस्कृत ‘पुर’चाही ‘उर’ होतो. त्यामुळे अंती ऊर दिसला की नाव द्राविडीच, असे ठरवता येत नाही. लट्टलूरसारखे जुने लेखी रूप हाती लागेपर्यंत निकाल थांबवावा. निपाणीचा उरूस तर दोन्हींपासून वेगळा : तो अरबी ‘उर्स’, म्हणजे विवाह.

जगात हा ध्वनी इतरत्रही भेटतो. बास्क भाषेत ‘उर’ म्हणजे पाणी, हंगेरियनमध्ये ‘ऊर’ म्हणजे स्वामी, स्वीडिशमध्ये घड्याळ. जर्मनमध्ये तो ‘आद्य’ अर्थाचा उपसर्ग आहे. दक्षिण इराकमधले प्राचीन ऊर नगर लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उत्खनन करून उजेडात आणले. सुमेरियन भाषेत नगराला ‘उरु’ म्हणत, म्हणून तमिळ–कन्नड ऊराचा त्याच्याशी संबंध जोडण्याचा मोह अनेकांना झाला. पण त्या नगराचे सुमेरियन नाव ‘उरिम’ असे होते, आणि दोन भाषांचे नाते ठरायला अनेक शब्दांत नियमाने आढळणारे ध्वनिसाम्य लागते. सुमेरियन आणि द्राविडी यांच्यात ते सिद्ध झालेले नाही.