नागपूरहून रेल्वेने लुंबिनीला जायचंय? आधी मतदान कार्ड शोधा, मग तिकीट काढा

नागपूर : दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. बुद्धाचं जन्मस्थान लुंबिनीही नेपाळातच आहे. गावागावांतून लोक मिळून तिथे जातात. पण परदेश म्हटलं की तयारी थोडी वेगळी करावी लागते.

थेट रेल्वे आहे का?
नाही. लुंबिनीपर्यंत रूळ नाहीत. केरळहून येणारी राप्तीसागर एक्स्प्रेस नागपूरवरून गोरखपूरला जाते. गोरखपूरहून नौतनवापर्यंत रेल्वे किंवा सोनौलीपर्यंत बस मिळते. सोनौलीची सीमा पायी ओलांडता येते. पलीकडे भैरहवा आणि तिथून साधारण २२ किलोमीटरवर लुंबिनी.

भारतातून नेपाळात जाणारी प्रवासी रेल्वे बिहारच्या जयनगरहून सुटते. २ एप्रिल २०२२ ला सुरू झालेली ही गाडी जनकपूरला जाते. जानकी मंदिराला जाणाऱ्यांना ती सोयीची, लुंबिनीला मात्र तिचा उपयोग नाही. बांगलादेशच्या मैत्री, बंधन आणि मिताली या गाड्या जुलै २०२४ मध्ये थांबल्या, तर पाकिस्तानची समझौता ऑगस्ट २०१९ मध्ये.

आधारवर भागणार नाही
सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. रेल्वेत टीसीला आधार चालतं, म्हणून लोक तेवढंच खिशात टाकून निघतात. नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण १५ ते ६५ वयाच्या माणसाजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड पाहिजे. १५ पेक्षा लहान आणि ६५ पेक्षा मोठ्यांना आधार चालतं. कार्ड मूळच ठेवा. झेरॉक्स किंवा मोबाईलमधल्या फोटोच्या भरवशावर राहू नका. कार्ड हरवलं असेल तर आधी नवीन काढा, मगच तारीख ठरवा. नाहीतर बाकीचे पलीकडे आणि एकजण सोनौलीत, अशी पाळी येते.

तिकीट कसं काढायचं?
- आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधीच जोडून ठेवा.
- ऑनलाईन एका तिकिटावर ६ जण, तत्काळमध्ये ४ जण. वीस लोकांचा जथ्था असेल तर कोण कोणाच्या तिकिटावर हे अगोदर कागदावर लिहून काढा.
- तत्काळ एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला उघडतं. हा एक दिवस गाडी जिथून सुटते तिथून मोजतात. राप्तीसागर नागपूरला दुसऱ्या दिवशी पोचते, म्हणून नागपूरहून बसणाऱ्याला तत्काळ दोन दिवस आधी बघावं लागतं.
- ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या महिला यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. वय बरोबर टाका.
- चार्ट लागल्यावरही ऑनलाईन तिकीट पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात. त्या तिकिटावर गाडीत चढू नका.

परतीचं तिकीट
गोरखपूरहून परतीचं तिकीटही आधीच काढा. सीमेवरून परतताना मध्ये एक रात्र हातात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेशात धुकं पडतं आणि गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. कापूस वेचणी बघून नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी धरलेला बरा.

पैसे आणि फोन
भारताच्या १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात, हा दर ठरलेला आहे. १०० च्या आणि त्याखालच्या नोटा ठेवा. मोठ्या नोटांवरून तिथे वाद होतो. भाव ठरवताना 'भारतीय की नेपाळी?' हे पहिले विचारा. आपलं सिम रोमिंगशिवाय पलीकडे चालत नाही. त्यामुळे घरचे, हॉटेलचे आणि सोबत्यांचे नंबर चिठ्ठीवर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्या. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवा आणि प्रत्येकाचं कार्ड हातात घेऊन बघा. 'आहे ना घरी' यावर विश्वास ठेवू नका.